स्वगताचा रविवार

सुमेधाताईंनी कल्याणच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं एकाच विषयावर घसा कोरडा केला: इंग्रजी नाटकातलं स्वगत. मॅडमना स्वगताचं वेड आहे, अशी पोरं टिंगल करायची. करेनात का. माणसाला एखादं वेड असलेलं बरं, नाहीतर निवृत्तीनंतर दिवस जायचा कसा?

त्यांचं सांगणं सरळ असे. फार जुन्या काळी तिकडे चौकात नाटकं व्हायची, तेव्हा खलपात्र सरळ पुढ्यातल्या लोकांकडे वळायचं आणि आता कोणाला कसा फसवतो ते बघा, असं सांगून मोकळं व्हायचं. लोक हसायचे, म्हणजे कटात सामीलच व्हायचे. मग चारेकशे वर्षांपूर्वी, तिथल्या राणीच्या काळात, तेच बोलणं आत वळलं आणि पात्रं स्वतःशीच भांडायला लागली. पुढे रंगमंचावर खरे वाटतील असे दिवाणखाने आले, आणि त्यात एकटा बोलणारा माणूस खुळा दिसायला लागला. झालं, स्वगताला नारळ मिळाला. 'पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे,' असं म्हणून त्या हातातला खडू खाली ठेवत. 'चारचौघांत कितीही खोटं बोलणारं पात्र एकटं असताना खरं बोलतं.'

हे वाक्य विनीतने डोक्यात पक्कं बसवलं. विनीत त्यांचा जुना विद्यार्थी, आता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला, आणि डोंबिवलीतल्या हौशी नाटकवाल्या ग्रुपचा लेखक-दिग्दर्शक. मॅडम निवृत्त झाल्या तसं त्याने त्यांना तालमींना ओढलं. तिथे त्यांनी एक रीत लावून दिली. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये एकेकाने स्टेजवर जायचं. बाकीचे बाहेर, दार बंद, अंगावर एकच दिवा. आजवर कोणाला सांगितलं नाही ते रिकाम्या खुर्च्यांना सांगायचं. बाहेर आल्यावर कोणी काही विचारायचं नाही. पोरं डोळे पुसत बाहेर यायची आणि वडापाववर तुटून पडायची. अभिनय किती सुधारला देव जाणे, पण जीव हलका व्हायचा.

गेल्या वर्षी एका रविवारी पोरांनी हट्टच धरला, मॅडम, आज तुम्ही. नाही नाही म्हणत त्या आत गेल्या, आणि दिव्याखाली उभं राहिल्यावर इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

त्यांचे यजमान त्र्यंबकराव अर्धांगवायूने सहा वर्षं अंथरुणात होते. वाचा गेलेली. उशाशी देवघरातली पितळी घंटा ठेवलेली, काही हवं असलं की डाव्या हाताने वाजवायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. एका सकाळी घंटा वाजली तेव्हा सुमेधाताईंनी नुकताच चहा गाळला होता. सहा वर्षांत एक कप गरम चहा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्या दिवशी त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सावकाश प्यायल्या. घंटा वाजत राहिली, मग थांबली. कप विसळून त्या आत गेल्या तेव्हा सगळं संपलं होतं. कोलशेतला राहणाऱ्या लेकीला, क्षिप्राला, त्यांनी सांगितलं, बाबा झोपेत गेले. लेकीने मानलं. बाबांची आठवण म्हणून तिने ती घंटा मागून नेली, आणि रोज सकाळी पूजेला ती वाजवते.

खुर्च्यांना हे सगळं सांगितलं त्या रात्री सुमेधाताईंना कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली.

आणि आज ठाण्यात एकांकिका स्पर्धा होती. विनीतने घरी येऊन दोन पास दिले होते. 'नवीन लिहिलंय मॅडम, क्षिप्राताईंना पण आणा.' रविवारच्या रितीबद्दल, रिकाम्या खुर्च्यांबद्दल क्षिप्राने आईकडून ऐकलेलं होतं. सकाळी अकराला मायलेकी तिसऱ्या रांगेत बसल्या. पडदा उघडला. स्टेजवर एक ओटा, गॅस, आणि ग्रुपमधली ऐश्वर्या चहा गाळतेय. आतून घंटा वाजली. ऐश्वर्याने कप उचलला, पुढे आली आणि म्हणाली, 'सहा वर्षांत मी गरम चहा प्यायलेली नाही.'

सुमेधाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाईचं नाव बदललं होतं, नवऱ्याचा हात डाव्याचा उजवा केला होता. बाकी शब्द न् शब्द त्यांचा. कप विसळण्यापर्यंत. लेकीला काय सांगायचं ते ठरवण्यापर्यंत. पोटच्या पोरासारखं मानलं होतं याला, आणि याने केसाने गळा कापला, वर तो बघायला पास आणून दिले. शेजारी बघायची हिंमत झाली नाही. टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं तेव्हा क्षिप्राचे हात मांडीवर तसेच होते.

लॉबीत विनीत धावतच आला आणि वाकून पाया पडला. क्षिप्रा गर्दीत मागे राहिली होती.

'दार बंद होतं, विनीत,' सुमेधाताई म्हणाल्या. 'आत कोणी नव्हतं.'

'मी होतो ना मॅडम. वर, लाइटला.' त्याला खरंच नवल वाटलं. 'दिवा कोणीतरी लावायला लागतोच ना? दर वेळी मीच वर बसलेलो असतो. मला वाटलं तुम्हाला माहितीय.'

इतके रविवार तो दिवा लागत आला होता, आणि तो लावतं कोण हा प्रश्न सुमेधाताईंना एकदाही पडला नव्हता. वर्गात मात्र शंभरदा सांगितलं असेल, स्वगत बाकीच्या पात्रांना ऐकू जात नाही एवढंच, ऐकणारा असतोच.

'निदान विचारायचंस तरी,' त्या कशाबशा म्हणाल्या.

'रीत तुमचीच ना मॅडम, बाहेर आल्यावर विचारायचं नाही.' मग त्याने तोवर जवळ आलेल्या क्षिप्राकडे बघितलं. 'आणि एवढी मोठी गोष्ट, क्षिप्राताईंना तर तुम्ही आधीच सांगितली असणार असं धरून चाललेलो मी.'

तोवर एक आशा होती. नाटक आहे गं ते, असं म्हणता आलं असतं. आता तेही गेलं. कोणीतरी हाक मारली म्हणून विनीत लगबगीने निघून गेला, आणि दोघी तिथे उभ्या राहिल्या.

'किती वेळ वाजत होती?' क्षिप्राने विचारलं.

'क्षिप्रा, अगं, मी थकले होते.'

'ते कळतं मला. मी पण त्यांना उचललंय, पुसलंय. तू मला सांगितलं असतंस ना आई, तर मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते.' तिचा आवाज चढला नाही. 'तू रिकाम्या खुर्च्यांना सांगितलंस. आणि मला ती घंटा दिलीस. रोज वाजवते मी ती.'

आत पुढच्या एकांकिकेची घंटा झाली. क्षिप्रा एकदम दचकली, पर्स खांद्याला अडकवून वळली आणि चालू लागली. या वेळी सुमेधाताई घंटेसरशी निघाल्या. पण आत शिरणाऱ्या लोकांतून वाट काढत त्या जिन्याशी पोचल्या, तोवर लेक उतरून गेली होती.