रस्त्यापलीकडचं मसण

चिमी सकाळी गेली आणि दुपार कलली तरी अंगणातच होती. तिरडी बांधून झाली होती, नवं लुगडं नेसवून झालं होतं, हळद लावून झाली होती. मरणाच्या घरी जी धावपळ असते ती सगळी आटपली होती. आता माणसं नुसती बसून होती, कारण मसण रस्त्याच्या पलीकडे होतं आणि रस्ता काही थांबत नव्हता.

रस्ता म्हणजे नवा महामार्ग. मुंबईच्या लोकांना गुजरातेत आणि गुजरातच्या लोकांना मुंबईत पोचायची घाई, आणि त्या घाईपायी पाड्याच्या उरावर मातीचा भराव घालून वर आठ पदरी रस्ता केलेला. पाड्यातल्या माणसाला त्यावर चढायला जागा नाही की उतरायला नाही. पालघरला जायचं तर अजून जुन्याच वाटेनं रिक्षा गाठायची. पण विहिरीचं पाणी गेलं ते पाड्याचं, गुरं चिरडली ती पाड्याची. मागच्या शिमग्यानंतर शेजारच्या पाड्यातला एक बाप्या मोहाची फुलं वेचायला पलीकडे निघाला आणि मधल्या दुभाजकापर्यंतही पोचला नाही. त्याचं प्रेत उचलायला घरची माणसं गेली, तेव्हा गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तेच बायडीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. चिमी तिची सासू. तिरडीला पुढचा खांदा तिच्या नवऱ्याचा, सुकाचा, आणि हातात विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालणार तिचा मुलगा विनोद. तारापूरच्या कारखान्यात ठेक्यावर होता, सालवडला खोली घेऊन राहायचा. आजी गेल्याचा फोन आला तसा मोटरसायकल दामटत आला होता. सासूसाठी बायडीला वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर जीव सगळा पुढच्याच गोष्टीत अडकला होता. जेवढी माणसं पलीकडे जातील तेवढीच परत आली पाहिजेत.

"टेम्पो सांगू काय?" विनोद म्हणाला. "लांबच्या त्या पुलावरनं फिरून नेऊ."

"आनि पलीकडं काय टेम्पो उडत जाईल?" सुका म्हणाला. "गाडीवाट हाय काय तिकडं?"

तेही खरंच होतं. पलीकडे नुसतं रान आणि ओढा. भरावाखालून दोन बोगदे काढलेले होते, एक शेताकडे जायला आणि एक शाळेकडे. भादव्यात दोन्हींत छातीभर पाणी, म्हणजे असून अडचण. आणि त्यातून पोहून गेलं तरी दोन्हीकडून मसणाच्या आधी फुगलेला ओढा आडवा येणार. मसणाची वाट त्या दोन्ही बोगद्यांच्या बरोबर मधून जात होती आणि तिथे बोगदा नव्हता.

का नव्हता, त्याला कारण खुद्द चिमी. मोजणीवाला साहेब आला तेव्हा त्यानं भल्या शब्दांत विचारलं होतं की बाबांनो, तुम्ही कुठून कुठे जाता-येता त्या वाटा दाखवा, म्हणजे तिथे तिथे जागा सोडता येईल. लोकांनी शेताची दाखवली, शाळेची दाखवली, गुरांची दाखवली. कुणाचा तरी हात मसणाकडे वळायला लागला तशी चिमीनं तो झटकून खाली केला. मसणाची वाट तोंडानं सांगायची नाही, बोटानं दाखवायची नाही. जो दाखवील त्याच्याच घरून पुढची तिरडी निघते. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्यामुळे सगळे गप्प बसले. साहेबाला कसं कळावं? त्याच्या नकाशात पाड्यातली माणसं शेतावर जात होती, शाळेत जात होती, मरत मात्र नव्हती. माणसं मरतात हे साहेबाला आपणहून सुचायला हरकत नव्हती, पण ते राहिलं.

भराव उभा राहिल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले. मग सुकानं कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घातले, पादचारी पूल द्या म्हणून. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी एकानं सांगितलं, काम पूर्ण झालंय, आता बदल होत नाही. रस्ता नकाशावर होता तोवर बोलायचं होतंत म्हणे.

"उठा," मंगळ्या म्हणाला. पाड्यातला तो सगळ्यात जाणता म्हातारा, जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं त्याच्या सांगण्यानं चाले. "दिवस मावळायच्या आत डोसी पोचली पायजे." म्हातारीला इकडे डोसी म्हणतात.

भरावाची चढण ओली होती. तिरडी वर नेताना पाय घसरत होते. वर तारेची जाळी, तिला लोकांनी पाडलेलं भगदाड, पुढे लोखंडी कठडा. तिथे सगळे थांबले. समोरून ट्रेलर गेला की वारा अंगावर असा येई की माणूस मागे सरे. चिमीच्या अंगावरचं पांढरं कापड फडफडायला लागलं, तसं बायडीनं पुढे होऊन ते तिच्या पायांखाली खोचलं. जन्मभर ही बाई डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली, आणि आज उघड्या रस्त्याच्या कडेला खोळंबून होती. बायडीला संताप आला. कुणावर काढायचा ते मात्र कळेना.

गस्तीची जीप येऊन थांबली. आतून जितेश उतरला. बोईसरचा पोरगा, महामार्गाच्या ठेकेदाराकडे नोकरीला. तिरडी बघून त्यानं आधी टोपी काढली आणि मग हात आडवा केला.

"नाय जायचं. केस होईल तुमच्यावर."

"मग तू सांग कुठनं नेऊ," सुका म्हणाला.

"ते माझ्या हातात हाय काय?"

"मग गाड्या थांबव जरा. तेवढं तरी हातात असंल."

"काका, एकशेवीसनं येतात त्या. थांबवायच्या तर वरून परवानगी लागते. मी विचारलं तर आधी म्हणतील, ही माणसं चढलीच कशी वर? माझी नोकरी जाईल."

खांदेकऱ्यांनी तिरडी खाली ठेवली नव्हती, वाटेत टेकवायची नसते, आणि त्यांचे दंड थरथरायला लागले होते. जितेशनं ते पाहिलं. त्यानं टोपी घातली.

"मी पुढच्या टोकाला जाऊन वळून येतो," तो बायडीकडे बघत म्हणाला. "येताना मला इथं कोण दिसता कामा नये." आणि जीप गेली.

विनोदनं मडकं मंगळ्याकडे दिलं, गळ्यातला लाल पंचा काढला आणि कठड्यावरून उडी मारून रस्त्यात उतरला. पंचा डोक्यावर फिरवत तो उलट दिशेनं चालायला लागला. एक मोटार त्याला वळसा घालून गेली, दुसरी हॉर्न वाजवत गेली, तिसरीनं वेग कमी केला.

"चला," सुका म्हणाला.

चार पदर म्हटलं तर किती? घरापासून गोठ्याएवढे. पण खांद्यावर तिरडी असली की धावता येत नाही, आणि धावलंच तर मेलेल्या माणसाचा अपमान. सुका दातओठ खात चालत राहिला. बायडी एका हातानं चिमीचे पाय धरून बाजूनं चालत होती. दुभाजकापाशी कण्हेरीच्या झुडपांत तिरडीचा बांबू अडकला. मागच्यानं रेटली, पुढच्यानं ओढली, सुटेना. शेवटी दोघांनी चिमीला बांबूंसकट डोक्याच्या वर उचलून पलीकडे दिलं. एवढ्यात तिच्या पायाची गाठ सुटली आणि एक पाय बाहेर लोंबायला लागला. बायडीनं तो दोन्ही हातांनी पकडून ठेवला. गार पडलेला, टाचांना भेगा पडलेला पाय. पुढचे चार पदर, विनोद तिकडच्या गाड्यांपुढे पंचा फिरवत असताना, ती तो तसाच धरून गेली. गाड्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडे उतरून त्यांनी मसण गाठलं. लाकूड रानात होतंच. विनोदनं आग दिली. मसणात चिमीचा नवरा होता, सासरा होता, अंगावर पीत असतानाच गेलेली दोन पोरंही होती. त्यांच्याजवळ जाळ धरला तशी बायडीला वाटलं, झालं, डोसी आपल्या माणसांत पोचली.

परत निघताना मंगळ्यानं वाटेत काट्याची फांदी आडवी टाकली, सगळ्यांना ती ओलांडून पुढे घेतलं आणि बजावलं, "आता घर येईस्तोवर मागं बघायचं नाय. मागं बघितलं तर मेलेला मानूस उठून मागं येतो आनि घरातल्या एकाला हात धरून नेतो."

सगळ्यांना माहीत होतं. तरी दर वेळी सांगायचं असतं.

उन्हं उतरली होती. रस्त्यावर आता गाड्यांनी दिवे लावले होते. शनिवारची संध्याकाळ, गाड्या दुप्पट, जितेशची जीप कुठे दिसत नव्हती. पहिले चार पदर पार झाले. दुभाजकावर विनोद म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी हितंच उभा रहातो पंचा घेऊन. सगळी गेली की येतो." बायडीला ते मुळीच पटलं नाही, पण वाद घालायला ती जागा नव्हती. माणसं एकामागून एक निघाली. कुणाचाही चेहरा मागे नाही. बायडी सगळ्यांच्या शेवटी.

तिचा हात पलीकडच्या कठड्याला लागला आणि पाठीमागे टायर किंचाळले. लांबलचक. मग काहीतरी आपटल्याचा आवाज.

सगळे जागच्या जागी थिजले. सुका कठड्यावर एक पाय टाकून तसाच राहिला. पाड्यातली सगळी माणसं भाताच्या शेताकडे तोंड करून उभी, आणि पाठीमागे काय झालंय ते एकालाही माहीत नाही.

"विनोद," सुकानं समोर बघतच हाक मारली.

उत्तर नाही. एक ट्रेलर धडधडत गेला.

"विनोद," बायडीनं हाक मारली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"बघू नको," मंगळ्या पुटपुटला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. "बायडे, बघू नको."

बायडीनं आयुष्यात कधी रीत मोडली नव्हती. वाटा विचारल्या त्या दिवशीही ती हात लुगड्यात गुंडाळून गप्प उभी होती. पण आता तिची मान तिला विचारायला थांबलीच नाही. ती वळली.

मधल्या पदरात एक मोटार आडवी झाली होती. तिचा पुढचा भाग दुभाजकाला आपटून चेपला होता, आतला माणूस स्टीअरिंग धरून बसला होता. आणि विनोद जिवंत होता. दुभाजकावरून एक पाय रस्त्यात टाकून तो निघायच्या बेतात होता. त्याच्यापुढे ती आडवी मोटार, आणि मोटारीपलीकडून, त्याला दिसणार नाही अशा बाजूनं, टँकर येत होता.

"थांब!"

विनोदनं पाय मागे घेतला. टँकर मोटारीला वळसा घालून, त्या पायाच्या जागेवरून, भोंगा वाजवत निघून गेला.

बायडीनं पुन्हा मान वळवली नाही. मसणाकडे, तिथून वर चढणाऱ्या धुराकडे, पोराकडे, सगळ्याकडे एकाच वेळी बघत ती उभी राहिली आणि ओरडून सांगत राहिली. थांब. अजून नाय. त्या पांढऱ्या गाडीला जाऊ दे. आता ये. विनोद धावत आला, कठड्याला धडकला आणि तिथेच बसला. बायडीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तोच हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

भराव उतरून सगळी खाली आली तेव्हा मंगळ्यानं डोळे उघडले.

"तू मागं बघितलंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "चिमी येईल आता. एकाला नेईल."

"काका, चिमी नेत नव्हती माज्या पोराला. हा रोड नेत होता," बायडी म्हणाली. "डोसीकडं नि पोराकडं, दोगांकडं पाठ करून उभी राहू कशी मी? तूच सांग."

शेताच्या बांधावरून सगळी पाड्याकडे चालायला लागली. मंगळ्याचीही बायको त्या मसणात होती, बाप होता, आणि एक मुलगी. बरंच अंतर तो खाली मान घालून चालला. मग सुकाचा दंड धरून त्यानं त्याला थांबवलं.

"माज्या वेळेला मला पलीकडं नेऊ नका," तो म्हणाला. "हितंच जाळा. या बांधावर."

सुकानं बायडीकडे पाहिलं, विनोदनं जमिनीकडे. असं बोलू नको काका, तुला आमी तुज्या माणसांतच नेऊ, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. बायडीला म्हाताऱ्याची दया आली. त्याच्यापायी आपली माणसं परत तो रस्ता ओलांडणार नाहीत म्हणून तिला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिनं विनोदचा हात धरला आणि ती चालायला लागली.