पायांना लागलेला चिखल

मी मुंगीखाऊ. नाव ऐकून हसून घ्या, सगळेच हसतात. तोंड नळीसारखं, दात एकही नाही, शेपटी जवळजवळ माझ्याएवढीच. हसून झालं की ऐका, कारण माझ्या पोटात बरंच साठलंय.

माझा जन्म फार लांब, दक्षिण अमेरिकेतल्या पाणथळ गवताळ रानात झाला. आईच्या पाठीवर बसून मी चिखलातून हिंडायचो, एवढंच आठवतं. मग एक पेटी, एक विमान, आणि कतारमध्ये अल खोरजवळची एका श्रीमंत मालकाची बाग. हौस म्हणून आणलं मला. हौस चार महिन्यांत फिटली, मी राहिलो.

मला सांभाळायला ठेवला इब्राहीम, दाभोळच्या खाडीकाठचा. दूध, अंडी, खिमा कालवून तो माझ्यापुढे ठेवायचा आणि तासभर मराठीत बोलत बसायचा, कारण बागेत त्याची भाषा कळणारं दुसरं कोणी नव्हतं. ऐकून ऐकून मला ती आली. इब्राहीम माझा, असं मी धरूनच चाललो होतो.

पण थंडी पडली की त्याचं लक्ष उडायचं. जवळच्या खाडीत, चिखलात वाढणाऱ्या तिवरांच्या झाडांपलीकडे, फ्लेमिंगो उतरायचे. शुक्रवारची नमाज झाली की हा निघाला तिकडे. मला डोळ्यांनी कमी दिसतं, पण नाक आहे. परत आला की त्याच्या पायांना चिखलाचा वास. सवतीच्या घरून आलेल्या नवऱ्याशी बायको बोलेल का? मी पाठ फिरवायचो आणि शेपटी अंगावर ओढून झोपायचो.

त्यात त्या फ्लेमिंगोंचा मान बघा. शहरातल्या बिन महमूद वस्तीतून मच्छिंद्र ड्रायव्हर सुटीच्या दिवशी व्हॅन भरून आपल्याकडची माणसं आणायचा. आधी मला बघायला. जाळीवर थापा मारायचे, बिस्किटं फेकायचे, "जीभ दाखव की रे" म्हणायचे. मग फ्लेमिंगो. त्यांच्यासाठी मात्र इब्राहीमचे नियम. "गाडी बाहेरच ठेवायची. पुढं पायी. झाडांच्या अलीकडं थांबायचं, आवाज नाय, रेडिओ नाय. आपण त्यांच्या घरात चाललोय." आणि माझं घर? ते कोणाला दिसत नव्हतं? जळायचो मी, हो, चांगला जळायचो. उडून जावेत सगळे एकदाचे, असं मनापासून वाटायचं.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत व्हॅनमधून विठाबाई आल्या. लेकीकडे पाहुण्या आलेल्या, गुडघे धरलेले. माझ्या जाळीपाशीच म्हणाल्या, "मला नाही चालवणार तेवढं. तुम्ही या बघून."

इब्राहीम विरघळला. त्याने बोटांवर चांदाची तारीख मोजली. त्याच्या गावात भरती कधी चढणार ते असंच काढतात, आणि ते चुकत नाही. "ओहोटी हाय. सांजपर्यंत पाणी येत नाय. मच्छिंद्र, आजच्या दिवस गाडी आत घे."

दाभोळचा हिशेब इथल्या समुद्राला कोणी सांगितला होता? पाणी दोन तास आधीच चढलं. व्हॅन चिखलात रुतली. मच्छिंद्र रेस देतोय, हॉर्न वाजवून माणसं बोलावतोय, दहा जण "यल्ला, यल्ला" करून ढकलतायत. विठाबाईंना दोघांनी उचलून बाहेर आणलं. माणसं सगळी धड परतली. फ्लेमिंगो मात्र एकूण एक उठले. तो गोंगाट माझ्यापर्यंत येत होता, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

इब्राहीम आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. जाळीशी बसला. "खलास," म्हणाला. "बापानं शिकवलं होतं, बसलेलं पाखरू उठवायचं नाय. मीच उठवलं." पुढच्या शुक्रवारी एकटाच जाऊन आला. एकही पक्षी नव्हता. त्यानंतर तो गेलाच नाही.

आता शुक्रवारीही तो माझ्यापाशी. जाळीपुढे त्याने दोर बांधला, माणसं लांब उभी राहून हळू बोलू लागली. मागितलं ते सगळं मिळालं. तरी शुक्रवार आला की मी जाळीला नाक लावून उभा. त्याचे पाय हुंगायचो. साबण. नुसता साबण. असे दोन-चार शुक्रवार गेले तेव्हा कळलं, ज्या वासावर मी रुसायचो तो माझ्या आईच्या अंगाचा वास होता. इथला खारट, तिथला गोड्या पाण्याचा, पण चिखलच.

आता सत्त्याऐंशी साल चाललंय. मी म्हातारा झालोय, तोही थकलाय. परवा मच्छिंद्र सांगून गेला, तीन वर्षांनी फ्लेमिंगो परत उतरलेत. इब्राहीम जागचा हलला नाही. "मी गेलो तर परत उठतील," एवढंच म्हणाला.

जा रे बाबा. तुझं बोलणं मला कळतं, माझं तुला कळत नाही, हीच रड आहे. त्यांच्यावर मी अजूनही जळतो, खोटं कशाला सांगू? तरी जा. गाडी बाहेर ठेव, तिवरांच्या अलीकडे थांब, डोळे भरून बघ. फक्त परत येताना पाय धुऊ नकोस.