पाटी होती, दुकान नव्हतं

मित्रांनो, मी दुकानाची पाटी आहे, पण माझ्या उमेदीची बरीच वर्षं मला दुकानच नव्हतं. तेव्हा बोलता बोलता जरा कडवटपणा आला, तर चालवून घ्या.

माझा जन्म पिंपरीतल्या एका कामगार वस्तीतला. नगरपालिका नुकतीच झाली होती तेव्हाचा. माझे मालक भिवा ओव्हाळ एका कंपनीत लाकडी खोकी ठोकायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी तसबिरी मढवायचे, चित्रंही काढायचे. खोली एकच. ते काच कापायला बसले की त्यांच्या बायकोला, केसरबाईंना, चूल सोडून बाहेर उभं राहावं लागे. म्हणून भिवांना दुकान हवं होतं. मारुतराव नावाच्या एका जागामालकांनी दसऱ्याला चावी देण्याचा शब्द दिला आणि त्या आनंदात भिवांनी मला रंगवून टाकलं. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं: 'येथे सर्व प्रकारच्या तसबिरी मढवून व चित्रे काढून मिळतील. प्रो. भिवा ओव्हाळ.' बाजारात तुरी म्हणतात ते हेच. येथे म्हणजे कुठे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला भिवा मला सायकलला बांधून घेऊन गेले. मारुतरावांनी मला वरपासून वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीवर त्यांची नजर थांबली.

"त्याचं असं झालंय," ते म्हणाले, "जागा आमच्या मेव्हण्यालाच लागतीया. तुमास्नी सांगायचं राहिलं बघा."

तिथे मेव्हणा कधी आलाच नाही. पुढे कितीतरी दिवस दाराला कुलूप तसंच होतं.

मग आमची वणवण सुरू झाली. भिवांची एक खोड होती. जागा बघायला गेले की आधी मला दारावर धरून मालकाला दाखवायचे, मग बाकीचं बोलायचे. चिंचवडला यशोदाबाईंनी नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. "फ्रेमवाल्याकडं मेलेल्या माणसांचे फोटो यायचे," त्या म्हणाल्या. "सकाळी दार उघडलं की ती तोंडं कोण बघंल?" निगडीला नव्या बंगल्यांच्या ओळीत एक गॅरेज मोकळं होतं, पण राहत्या घराशी ठोकाठोक नको म्हणाले. बाकीच्यांना मेव्हणे होतेच. एका तालुक्यात इतके मेव्हणे असतील असं मला वाटलं नव्हतं.

केसरबाई वैतागल्या. "नाव दाखवायची येवढी घाई कशापाई? चावी तर हातात येऊ द्या."

"आत गेल्यावर कळलं तर सामान रस्त्यावर टाकतील," भिवा म्हणाले. "आधीच कळल्यालं बरं."

दोन जागांच्या मध्ये मी खाटेमागे पडून असायची, भिंतीकडे तोंड करून. नुसता संताप यायचा. पाटीला बोलता येत नाही, फक्त वाचलं जाता येतं, आणि मला तर तेही नशिबी नव्हतं.

शेवटी कंपनीतले मित्र कोंडीराम म्हणाले, "ती शेवटची ओळ पुसून टाक राव. गिऱ्हाईक काय आडनाव मढवून न्यायला येतंय व्हय?"

मग एका रविवारी भिवांनी निळ्या रंगाचा डबा उघडला आणि शेवटच्या ओळीवर ब्रश फिरवला. मला फार वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असणार, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि आकुर्डीत जागा मिळाली. मालक आबाजींनी नाव विचारलं तेव्हा भिवांनी 'भिवाजी पेंटर' एवढंच सांगितलं. मी दारावर चढले. माझं 'येथे' एकदाचं खरं झालं. गणपती आले, लक्ष्मी आली, लग्नाचे फोटो आले, निवृत्त कामगारांची मानपत्रं आली. लोक भिवांच्या हाताचं कौतुक करायचे आणि मी वर लटकून अर्धंच सांगत राहायची.

एका दुपारी केसरबाई जेवण घेऊन आल्या आणि भिंतीकडे बघत बसल्या.

"समद्यांचे देव मढवलेत," त्या म्हणाल्या. "आपले बाबासाहेब कुठं हायेत?"

दुसऱ्या दिवशी भिवांनी स्वतः काढलेलं बुद्ध आणि बाबासाहेबांचं चित्र घरून आणलं, चांगल्या सागवानी चौकटीत बसवलं आणि समोरच्या भिंतीवर टांगलं. आबाजी रोजच्यासारखे डोकावले. त्यांनी चित्र पाहिलं, मग भिवांना पाहिलं.

"महिनाअखेरीला जागा मोकळी करा," एवढंच बोलले. त्यांनी मेव्हण्याचं नावसुद्धा काढलं नाही.

भिवांनी मला उतरवलं. आता पुन्हा खाटेमागे, असं मी धरून चालले होते. पण त्यांनी पिवळा रंग काढला आणि शेवटची ओळ पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा ठळक. केसरबाईंनी चूल बाहेर ओट्यावर मांडली आणि मला घराच्याच दारावर ठोकायला लावलं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. निम्मी वस्तीत विचारत विचारत आली. आबाजींचे थोरले भाऊ वारले तेव्हा त्यांचा फोटोही आला, पण गड्याच्या हाती. भिवांनी तोही मन लावून मढवला.

मित्रांनो, आता माझा पत्रा गंजलाय. मला कोणी पुसून लख्ख करावं अशी माझी इच्छा नाही, पुसण्याचा मी धसकाच घेतलाय. मागणं एकच आहे. उद्या तुम्ही एखाद्या जागेचे मालक व्हाल आणि कोणीतरी आपली पाटी घेऊन दारात उभं राहील. तेव्हा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मग चावी द्या.