चहात नापास

बाईंचा उजवा हात मनगटात मोडला तो ग्रंथालयाच्या पायरीवर, आणि तोही नेमका परदेशी जायच्या तोंडावर. एका दूरच्या विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, तिथल्या मनोरुग्णालयात व्यवसायोपचाराचा विभाग उभा करायला. व्यवसायोपचार म्हणजे काय, हे बाई पहिल्याच तासाला सांगत: आजारपणात हातून सुटलेलं रोजचं काम माणसाच्या हाती परत देणं. असं बोलावणं यावं म्हणून त्या उभी हयात खपल्या होत्या. विद्यापीठाची अट एकच. प्लास्टर निघालं की रोजची कामं एकटीने जमतात असा दाखला पाठवायचा.

दाखला देणार होती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता बाईंच्याच मनोरुग्णालयातल्या उपचारकक्षाची प्रमुख. आणि गंमत म्हणजे चाचणीही बाईंचीच! तरुणपणी त्यांनी ती बसवली, तिच्यावर डॉक्टरेट मिळवली, पुढे ती कितीतरी भाषांत गेली. विभागातल्या छोट्या स्वयंपाकघरात माणसाने एकट्याने कपभर चहा करायचा आणि तपासणाऱ्याने हात मागे बांधून नुसतं बघायचं. क्रम, लक्ष, सावधपणा, सगळं त्यात दिसतं. ज्याला चहा जमला तो घरी जायला मोकळा.

"चहाच तर करायचाय," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा गालातल्या गालात हसला. लग्न झाल्यापासून घरात चहा तोच करत होता. "बघ हं. सवय नाही तुला."

"अहो, चाचणी कुणाची आहे?"

नवऱ्याने पत्त्यांचा जोड काढला आणि रोजचा डाव वाटायला घेतला.

चाचणीच्या दिवशी तो बाहेर बाकावर बसला. आत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी वॉर्डातले एक रुग्ण, शिंपीदादा, काजं करत होते. त्यांनी वॉर्डात बरीच वर्षं काढली होती. आता आजार आटोक्यात होता, बहीण न्यायला एका पायावर तयार होती. पण दादा चहात दोनदा आपटले होते, म्हणून मुक्काम हलत नव्हता. दोन्ही वेळा कागदावर सही बाईंची.

बाईंनी गॅस झोकात पेटवला. पातेलं ठेवलं आणि थबकल्या. आधी पाणी की आधी दूध? दोन्ही एकदम ओतलं. पत्ती मूठभर टाकली, साखर म्हणून जे टाकलं ते मीठ निघालं, आणि बरण्यांची झाकणं लावेपर्यंत सगळं उतू जाऊन गॅस विझला.

"हात दुखतोय गं," बाई घाईने म्हणाल्या.

विद्यार्थिनीने पुढे होऊन बटण बंद केलं. "हात छान चाललाय, बाई. चहाच येत नाहीये तुम्हाला."

बाईंचे कान लाल झाले. "मग काय लिहिणार आहेस?"

"तुमच्या नियमाप्रमाणे? एकटीने राहू शकत नाहीत. ओळखीपाळखीने गुण द्यायचे नाहीत, हे तुम्हीच आमच्या डोक्यात भरलंय."

विद्यापीठ हातचं जाणार, हे बाईंना लख्ख दिसलं. त्यांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. शिंपीदादा सुई थांबवून त्यांच्याकडेच बघत होते, अगदी आपुलकीने, आपल्यातलाच एक माणूस सापडल्यासारखे.

बाईंना भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग असं काही हसू फुटलं की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला.

"लिही," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "नापास लिही. आणि आता मी कधी कुणा रुग्णाला विचारलंच नाही ते विचार."

विद्यार्थिनी हुशारच होती. "बाई, हात बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?"

"पत्ते पिसायचेत! दोन महिने हे पिसताहेत आणि रोज मला हरवताहेत. माणूस इतका नशीबवान असतो का कुठे?"

नवऱ्याला आत बोलावलं. जोड त्याच्या खिशातच होता. बाईंनी पत्ते दोन भागांत धरले, अंगठ्याने वाकवले, सोडले. फर्र! चार पत्ते जमिनीवर गेले. बाईंनी वाकून उजव्याच हाताने उचलले आणि पुन्हा पिसले. मनगट वळत होतं, बोटं ऐकत होती. पानं वाटता वाटता त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, मांडीखालचा एक्का काढा."

"लक्ष, पैकीच्या पैकी," विद्यार्थिनीने लिहिलं. दाखल्यात तिने सगळं खरंखुरं मांडलं: चहात नापास, हात उत्तम, एकटीने राहायला हरकत नाही.

पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्या खुर्ची ओढून शिंपीदादांसमोर बसल्या. "दादा, घरी गेल्यावर तुम्हाला काय करायचंय?"

दादांनी सुई कापडात खोचून ठेवली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "भाचीचं लग्न ठरलंय. तिचे कपडे शिवायचेत. माप फक्त घ्यायचं राहिलंय."

"आणि चहा?"

"चहा बहीण करते ना," दादा म्हणाले. आणि जरा भीत भीत, "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे हे करतात," बाई म्हणाल्या.

दादा खो-खो हसले. वॉर्डातल्या कुणीच त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यांचा कागद मागवला, मोडून जुळलेल्या हाताने दोन्ही जुने शेरे खोडले, आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: माप घ्यायला घरी सोडावे.