रघुनाथच्या नावाचा व्हय

बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आणि खनिज दळायच्या आमच्या प्लांटवर शिफ्टची प्रमुख म्हणून संजना आली. वय जेमतेम अठ्ठावीस, गाव पेडण्यातलं इब्रामपूर. मी सगुण, डिचोलीचा, पट्टा चालवण्यात उभा जन्म घालवलेला. खनिज वाहून नेणारा तो लांबलचक रबरी पट्टा माझ्या केबिनमधल्या हिरव्या बटणावर चालतो. ही पोर मला काय शिकवणार? म्हटलं, नव्याची नवलाई आहे, सरेल.

रोज दुपारी पट्टा थांबवून त्याच्याखाली साचलेला चिखल खोऱ्यांनी ओढून काढतात. आत गेलेली माणसं बाहेर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम. तो इंग्रजीत छापलेल्या कागदावर होता. बारा प्रश्न आणि खाली सह्या. त्या सह्या आम्ही सकाळीच चहा पिता पिता करून मोकळे व्हायचो. माणूस पट्ट्याखाली जाणार दुपारी आणि बाहेर आल्याची सही सकाळी! संजनानं कागद पाहिला आणि दुसऱ्या दुपारी पट्ट्यापुढे आखलेल्या पिवळ्या रेघेपाशी उभी राहून तिनं चक्क गाऱ्हाणं घातलं.

तिचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. एकानं देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. आमच्याकडे काय किंवा पलीकडच्या सिंधुदुर्गात काय, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

“बा म्हाराजा, हत्यारां वर काडली?”

“व्हय म्हाराजा!”

मग ती एकेकाचं नाव घ्यायची. ज्याचं नाव, तो व्हय म्हणायचा. मी केबिनच्या दारातून ओरडलो, “बाय, नाल्ल कोण फोडटा?” नारळ फोडायचं ऐकून सगळे हसले, तीही हसली. मग तिनं दोन नियम सांगितले. “कोणीय ‘नाय’ म्हणलां, तर पट्टो चलचो नाय. आनी चूक जाली तर ‘कोणी केली’ विचारूचा नाय, ‘कशी जाली’ तां विचारूचा.”

पहिला नियम कोणी वापरला नाही. गाऱ्हाण्यात नाय म्हणायची कोणाची छाती आहे? पण कागदाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं आता रेघेवर येऊन स्वतःच्या नावाची वाट बघू लागली, हे मला कबूल करावंच लागलं. दोडामार्गचा रघुनाथ तर असा व्हय ठोकायचा की दूर झाडावरची पाखरं उडायची.

एका दुपारी नदीच्या धक्क्यावर माल न्यायची बार्ज उभी होती. संध्याकाळपर्यंत माल मुरगाव बंदरात जायला हवा होता, आणि ऑफिसचा फोन माझा जीव खात होता. खाली नावं चालली होती.

“रघुनाथ भायर आयलो?”

उत्तर आलं नाही. पण मी तर त्याला आत्ताच बाहेर येताना पाहिलं होतं. आमच्या गावात शेजारी देवळात आला नसेल तर त्याच्या वाटचा व्हय आपण म्हणतो, त्यात शेजारधर्म असतो. मीही उचलली जीभ, लावली टाळ्याला. “व्हय म्हाराजा!” आणि बटणाकडे हात नेला.

“नाय!”

कमलाक्षी ओरडली होती. सांडलेलं खनिज झाडायला आठवड्यापूर्वीच लागलेली बाई. माझं डोकंच फिरलं. भर गाऱ्हाण्यात हे अभद्र? तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. संजनानं कमलाक्षीला एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही. “सगुणकाका, बटनावयलो हात काडात,” म्हणाली, आणि स्वतः धावत पट्ट्याच्या शेवटाला गेली.

तिथून ओणव्यानं रघुनाथ बाहेर आला. विसरलेलं खोरं आणायला तो परत आत शिरला होता, आणि ते एकट्या कमलाक्षीनं पाहिलं होतं.

मी तिथल्या तिथे केबिनच्या पायरीवर बसलो.

संजनानं सगळ्यांना रेघेपाशी बोलावलं. “रघुनाथच्या नावाचो व्हय कसो पडलो?” तिनं विचारलं, आणि मान खाली घातली, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून. जनरेटरच्या घरघरीत तो आवाज कोणाचा, हे कोणाला कळलं नव्हतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तिनं ‘कोण’ विचारलं असतं तर मीही इतरांसारखा शेजाऱ्याकडे बघत राहिलो असतो. आयुष्यभर तेच केलंय. पण ‘कसो’चं उत्तर तिथे एकट्या मलाच ठाऊक होतं.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, शेजारधर्मासकट.

संजना म्हणाली, “चूक म्हजीय आसा. देवळातलां हंय हाडलां, पूण हंय दुसऱ्याचो व्हय चलना, तां मी सांगूक विसरलंय.” मग कमलाक्षीकडे वळून तिनं हात जोडले. आपल्यापेक्षा धाकट्या माणसासमोर माझी मान कधी झुकली नव्हती. त्या दिवशी संजनापुढे ती आपोआप झुकली, आणि लाज वाटली नाही.

“बाय,” मी म्हणालो, “म्हाका बटनावयल्यान काड. दुसरो मनीस दी.”

ती काही बोलायच्या आत चिखलानं माखलेला रघुनाथ पुढे आला.

“नाय,” तो म्हणाला. “बटनार सगुणभाऊच होयो. आजपासून माका इचारल्याबगर तो बटन दाबूचो नाय, ह्या माका म्हायत आसा. दुसरो कोण इलो, तर त्येची खात्री माका खंयची?”