दोन शनिवारांचं काम

"आपल्या गल्लीत दोन मजले चढले, भाडेकरू आले, भांडून सोडूनही गेले. आन् याचा एक डेक होऊन नाही राहिला."

भीमराव बोरकरांना वाटलं होतं, फोन बंद झाला. तो झाला नव्हता. स्क्रीनवर नागपूरच्या घराचं छत आणि पंख्याचं एक पातं तेवढं दिसत होतं. इकडे सिंगापुरात, बुओना व्हिस्टा भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे इमारतींच्या सोसायटीत, ओट्यावर कपाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून सासऱ्यांची कुरकुर एकताच्या थेट कानात पडत होती. तिचे हात कणकेत होते. फोन बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिने ते पुसलं नाही.

"लाकूड ओलं असते म्हणे तिकडे," प्रेमलाबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा आवाज आला. "सुकू द्यावं लागते."

"लाकूड कायचं ओलं असते."

"मग?"

"काही नाही. चहा ठेव."

मग पलीकडे कोणीतरी फोन उचलला, हाताचा पंजा दिसला आणि स्क्रीन काळी झाली. एकता कणीक तिंबत राहिली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या, कारण नसताना.

डेकची कल्पना तशी चांगली होती. बाबा, म्हणजे सासरे, पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. त्यांना दोन-तीन महिने सिंगापूरला आणायचं ठरलं. फ्लॅट तळमजल्यावरचा. हॉलचं काचेचं दार सरकवलं की मागे खोलीएवढं अंगण, पण दारातून खाली उतरायला पायरी अशी उंच की शेचाळीस वर्षांची एकताही चौकट धरूनच उतरे. खालच्या फरशीवर पावसाने कायमचं शेवाळ. आणि बाबांना तर सकाळी उघड्यावर बसून पेपर वाचल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. तेव्हा एकताचा नवरा उज्ज्वल म्हणाला, हॉलच्या फरशीला बरोबर मिळेल असा लाकडी डेक मीच करतो, वॉकर घेऊन बाबा सरळ बाहेर. "दोन शनिवारांचं काम आहे."

त्यानंतर शनिवार येत गेले.

आधी कॉन्डोच्या ऑफिसची परवानगी. ती लगेच मिळाली, त्याचं दोघांनाही जरा वाईटच वाटलं. मग लाकूड आलं, ते इथल्या हवेत मुरू द्यायला हवं म्हणून भिंतीला टेकून बसलं. मग पाऊस. मग डेकखाली पाणी साचलं तर डास होतील आणि तपासणीवाले येतील, म्हणून फरशीला उतार. मग स्क्रू. उज्ज्वल एका संशोधन संस्थेत धातूंना गंज का चढतो ते शोधतो. अशा माणसाला स्क्रू पसंत पडणं म्हणजे मुलीला स्थळ पसंत पडण्यासारखं. गंमत अशी की यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खोटं सांगावं लागलं असतं तर कदाचित लवकर सुटका झाली असती.

एका शनिवारी मात्र निम्म्याहून जास्त फळ्या बसल्या. उज्ज्वल गुडघ्यांवर बसून, ओठांत स्क्रू धरून काम करी. त्यामुळे बोलावं लागत नसे. त्याने स्क्रू काढून हातात घेतले आणि विचारलं, "एकता, हे फळ्यांमधलं अंतर जास्त वाटतंय का गं?"

एकता वाकली. अंतर अगदी बरोबर होतं. वॉकरचा पाय अडकला नसता, पाणी खाली गेलं असतं. तिने वर पाहिलं तर उज्ज्वल फळ्यांकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "थोडं वाटतंय."

त्याने पुन्हा स्क्रू ओठांत धरले आणि बसवलेल्या फळ्या काढायला घेतल्या. ती आत जाऊन फ्रीज उघडून उभी राहिली. काय घ्यायला आलो ते आठवेना, कारण घ्यायचं काहीच नव्हतं. वॉकर धरून दारात ताटकळणाऱ्या माणसाच्या पायाखालची फळी आपण काढली, एवढंच कळत होतं.

या सगळ्याची सुरुवात डेकपासून नव्हती. ती एका शब्दापासून होती, आणि तो शब्द एकतानेच उच्चारला होता.

वरच्या मजल्यावर सारंग आणि अनघा राहतात, पुण्याचे. इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात लिफ्टपाशी अनघाने नाव विचारलं आणि उजळून म्हणाली, "बोरकर? म्हणजे गोव्याचे का हो?"

नागपूरला हा प्रश्न कोणी विचारला नसता. तिथे बोरकर म्हटलं की वस्ती कोणती ते विचारतात, आणि वस्ती सांगितली की पुढचं विचारावं लागत नाही. इथे लिफ्ट येत होती, हातात दुधाच्या पिशव्या होत्या, समोरची बाई गोड हसत होती.

"जवळपास," एकता म्हणाली.

जवळपास. नागपूरहून गोवा. तिला वाटलं होतं, पुढच्या भेटीत सांगून टाकू. पुढच्या भेटीत अनघाने सुरमई आणली, "तुमच्या हातचं खायचंय" म्हणाली. मग नागपूरची बाई सिंगापुरात बसून मोबाइलवर सोलकढी शिकली. ती चांगली जमली, हेही वाईटच झालं. "होऊन राहिलं, करून राहिलं" हे बोलण्यातून गेलं. हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत गेला, उन्हाने रंग उडतो म्हणून. हॉलमध्ये ऊन येत नाही. समोरची इमारत ते येऊच देत नाही. फोटो उज्ज्वलने उतरवला, खिळ्याचं भोक एकताने बुजवलं.

सारंग-अनघाने कधी वावगा शब्द काढला होता असंही नाही. अनघाला तापात सूप घेऊन येणारी बाई म्हणून सगळा ब्लॉक ओळखतो. फक्त कधीतरी बोलता बोलता ती "आपल्यात असं नसतं ना" म्हणायची, आणि एकता मान डोलवायची. त्या "आपल्यात" बसून राहायची सवय लागली होती.

आणि बाबा.

बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते. एक्सचेंजमध्ये फोन उचलला की "जय भीम" म्हणायचे. साहेबांनी बोलावून सांगितलं, बोरकर, हॅलो म्हणा. बाबा म्हणाले, "हॅलो म्हणजे काय असते साहेब, तेवढं सांगा, मग म्हणतो." मग दूधवाला, डॉक्टर, बँकेतला कॅशियर, ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणारी पोर, सगळ्यांना जय भीम. लग्नानंतर एकता पहिल्यांदा सासरी आली तेव्हा तिने वाकून नमस्कार करायला घेतला, तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं होतं. "वाकायचं नाही. जय भीम म्हणायचं, ताठ."

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, तो आता उज्ज्वल कानात इअरफोन घालून घेतो. एकता स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. इतकं हळू जय भीम कोणी कुठे म्हणत नसेल.

"काका आले ना," अनघा परवाच म्हणाली होती, "की डेकवर त्यांच्या हातून सत्यनारायण घालू. नव्या जागेला बरं असतं." एकताला क्षणभर दिसलं: नव्या डेकवर वॉकर, समोर पाट, आणि बाबा अनघाला शांतपणे, एकेक करून समजावून सांगतायत की ते पूजा का करत नाहीत. तिला हसू आलं आणि लगेच विरलं. नको, असं वाटलं. बाबा नकोत. हे असं स्पष्ट शब्दांत तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

त्यानंतरच्या शनिवारी सारंग लाकूड कापायची विजेची जिगसॉ घेऊन खाली आला. "आज संपवल्याशिवाय जात नाही. उज्ज्वल, लेका, दोन शनिवारांचं काम हे. तू काय लेणी कोरतोयस का?"

उज्ज्वलच्या ओठांत स्क्रू होते. तो नुसता हसला.

सारंगला कोणतंच कारण ठाऊक नव्हतं, त्यामुळे काम भराभर झालं. शेवटची फळी उभी कापावी लागली तीही त्याने सरळ कापली. कॉन्डोच्या नियमाने दुपारी ड्रिल बंद करायच्या वेळेआधीच डेक हॉलच्या फरशीला येऊन मिळाला. पातळी तपासायच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध जाऊन थांबला. अनघा चपला काढून इकडून तिकडे चालून आली. "पायरी लागलीच नाही," म्हणाली. एकता सरबताचे ग्लास धुवत होती. तिचा फोन दारापाशी, नव्या फळ्यांवर पडलेला, तो वाजायला लागला.

"काकांचा आहे गं. घेऊ? दाखवूच त्यांना," अनघा म्हणाली.

एकता "थांब" म्हणाली, पण नळ चालू होता.

"काका, हे बघा, तुमचा डेक."

एकता ओल्या हातांनी दारात आली तेव्हा स्क्रीनवर बाबांचा चेहरा होता. फोन नेहमीप्रमाणे फार जवळ धरलेला. त्यांचे ओठ उघडलेले होते. तो शब्द तिथे येऊन उभा आहे हे तिला दिसलं, सोळा वर्षं ती तो बघत आली होती. मग त्यांनी अनोळखी बाई पाहिली, तिच्यामागे अनोळखी माणूस, त्याच्यामागे ओठांत स्क्रू धरलेला आपला मुलगा. ओठ मिटले.

"नमस्कार," बाबा म्हणाले.

दोन्ही हात जोडायला गेले, तेव्हा फोन कलंडला आणि पंखा दिसला.

"नमस्कार काका," अनघा म्हणाली. "तब्येत कशी आहे?"

"उत्तम आहे. छान चाललंय," बाबा म्हणाले. चाललंय. "चालून राहिलं" नव्हे. सगळ्या जन्मात न वापरलेली भाषा कपाटातल्या पाहुण्यांच्या चादरीसारखी त्यांनी काढली होती.

"गोव्यालाही पाऊस असेल ना आता?"

बाबांनी अनघाच्या खांद्यावरून एकताकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत अडलेल्या मुलाकडे बाहेरून बाप पाहतो तसं.

"हो," ते म्हणाले. "पाऊस आहे."

मागे प्रेमलाबाई पदर सारखा करत होत्या.

"डेक सुंदर झाला हो. उज्ज्वल, छान केला," बाबा पुढे म्हणाले, तसंच जपून जपून. "आता तिकिटाची काही घाई नका करू. माझाच पाय अजून म्हणावा तसा नाही. डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. सावकाश बघू पुढच्या वर्षी."

डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात, खुशाल जा, म्हणून सांगितलं होतं. बाबांनी स्वतःच ते कळवलं होतं, दोनदा. म्हणजे आता कारण त्यांच्याकडचं होतं. लाकूड सुकलं, पाऊस थांबला, स्क्रू मिळाले, लेकाची सगळी कारणं संपली, तर बापाने खिशातून आपलं काढून दिलं.

"अरे रे," अनघा म्हणाली. "आणि आम्ही वाटच बघत होतो. मग ठेवू का, काका?"

सारंग जिगसॉची वायर गुंडाळत होता. उज्ज्वल खाली फळीकडे बघत होता, ओठ घट्ट. एकताने हात पदराला पुसायला घेतले, मग आठवलं की आज पदर नाही, कुर्ता आहे. ती डेकवर आली. पायरी लागली नाही. तिने अनघाच्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर ताठ धरला.

"जय भीम, बाबा," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "आपण गोव्याचे नाही, हे मी यांना कधी सांगितलंच नाही. आन् डेकला काही वेळ लागत नव्हता. आम्हाला तुमची लाज वाटून राहिली होती."