पानं गळली का?

मुलीचं बाळंतपण उरकून मी परत आले, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या बागा उघड्याबोडक्या झाल्या होत्या आणि आमची एकटीच हिरवीगार होती. मी फाटकातच थबकले. शेजारचा बागवाला कुंपणापाशी आला आणि म्हणाला, की तुमच्या भावाच्या हाताला गुण आहे, एवढ्या थंडीत सफरचंदाला अशी पानं मी जन्मात पाहिली नाहीत. मीही पाहिली नव्हती. मी नुसतं बरं म्हटलं आणि चालू लागले.

धाकटा भाऊ शेडमध्ये रिकामी खोकी रचत होता. कौतुक होईल या आशेनं त्यानं मान वर केली आणि माझा चेहरा बघून हातातलं खोकं खाली ठेवलं. मग सगळं बाहेर आलं. फळं उतरल्याबरोबर प्रत्येक झाडाला थोडा युरिया द्यायचा, हे मी जाताना बजावलं होतं, फोनवरही विचारलं होतं. पण फोनवरून बाग करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खोकी, ट्रक आणि मजूर यांच्या नादात तो विसरला. पुढं पानं पिवळी पडू लागली तेव्हा त्याला आठवण झाली. झाडं उपाशी आहेत असं समजून त्यानं दुप्पट युरिया टाकला आणि वर पाटभर पाणी सोडलं.

मी त्याला नाही नाही ते बोलले. पिवळं पान म्हणजे उपाशी झाड नव्हे, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळायला हवं. थंडीच्या तोंडावर झाड पानांतलं सत्त्व आत ओढून घेतं, सालीत आणि मुळांत साठवतं, रिकामं पान टाकून देतं आणि झोपी जातं. पुढचा मोहर त्या साठ्यावरच येतो. यानं ऐन झोपेच्या वेळी त्याला उठवून ताटावर बसवलं होतं. आता कोवळी, पाणीदार साल घेऊन झाडं जागीच होती आणि खरी थंडी अजून यायची होती.

"ताई, बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

ही सगळी कलमं बाबांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. डोळे गेल्यापासून ते खिडकीशी खाटेवर असत आणि कानांनी बाग बघत. पानं गळली का, एवढंच रोज सकाळी विचारत. धाकट्यानं गळली म्हणून सांगून टाकलं होतं. थाप पचावी म्हणून शेजारच्या बागेतली वाळकी पानं पोत्यांनी आणून खिडकीखाली पसरली होती. तो त्यांवरून चालला की बाबा समाधानानं कूस बदलत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मला वर सांगत होता. मला संताप आला. पण थंडी अजून थोडी थांबली तर झाडं निजतील, अशी मलाही आशा होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

पाणी बंद केलं. त्याहून जास्त हातात काही नव्हतं. मी रोज पानं उलटून बघे, ती काही पिवळी होत नव्हती. रस्त्यानं जाणारे थांबून वाहवा करत आणि धाकटा ती ऐकून शेडमध्ये जाऊन बसे. भोवतालचं सगळं करडं पडलेलं आणि मधोमध आमची बाग, तापानं गाल लाल झालेल्या पोरासारखी. मला तिच्यात पाय टाकायची भीती वाटू लागली.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. अंगणातल्या बादलीत बर्फ होता. बागेत पानं जिथल्या तिथं कडक उभी होती, आणि ऊन चढलं तशी मऊ पडून काळी झाली. मी नखानं साल खरवडली. आतून हिरवी निघायला हवी ती तपकिरी निघाली. धाकटा एकेका झाडाला नख लावत पार टोकापर्यंत गेला. मी त्याला थांबवलं नाही.

एकही पान खाली पडलं नाही. पान टाकायलासुद्धा झाडात जीव लागतो. ती काळी पानं फांद्यांवरच सुकली.

काही दिवसांनी वारा सुटला. मी बाबांना चहा देत होते. बाहेर धाकटा मुद्दाम पाय घासत खिडकीखालून चालला होता. बाबांनी कप बाजूला सारला आणि कान दिला.

"ही वरून वाजतायत," ते म्हणाले.

वारा थांबत नव्हता आणि सगळी बाग खडखडत होती.

"सगळी झाडं गेली?"

"सगळी, बाबा."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"त्याला आत बोलाव," ते म्हणाले. "थंडीत उभा असेल."

मी खिडकी उघडून हाक मारली. धाकट्यानं सगळं ऐकलं होतं. शेजाऱ्याच्या त्या पानांत तो खाली मान घालून उभा होता आणि पाय उचलत नव्हता, कारण उचलला असता तर आवाज झाला असता.